ग्राइंडिंगचा दगड: कशाचा बनतो, आपल्या कामाला कुठला घ्यायचा आणि कसा बसवायचा

आमच्या शेडमध्ये नवीन लागलेल्या एका पोरानं डी-टू स्टीलचा (डाय-पंचाला वापरतात ते टूल स्टील) हार्ड केलेला पंच सरफेस ग्राइंडरवर (सपाट घासायची मशीन) घेतला आणि अर्ध्या तासात तो निळा-तपकिरी करून ठेवला, वर केसासारख्या बारीक चिरा. कुठला दगड लावला होतास म्हणून विचारलं तर म्हणाला, जॉब (म्हणजे घासायचा तुकडा) कडक आहे म्हणून कपाटातला सगळ्यात कडक दगड बघून लावला. त्याला काय बोलणार, मी पण सुरुवातीला हेच केलेलं, फक्त माझा जॉब गिऱ्हाइकाचा होता आणि भरून मला द्यावा लागला. उलटं असतं ते. कडक जॉबला मऊ दगड आणि मऊ जॉबला कडक दगड. का ते कळायचं असेल तर दगड आतून कशाचा बनलाय ते आधी बघावं लागतं, म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो, निवडायचं आणि बसवायचं नंतर येईलच.

ग्राइंडिंग व्हीलमध्ये तीन गोष्टी असतात. कापणारे दाणे, ते दाणे धरून ठेवणारा बाँड, आणि मधली पोकळी म्हणजे भोकं. प्रत्येक दाणा हे एक छोटं कटिंग टूल समजा, असे लाखो. दाणा बोथट झाला की त्यानं एकतर फुटून नवीन धार काढायची नाहीतर बाँडमधून सुटून खाली पडायचं आणि मागच्याला पुढं येऊ द्यायचं. झिजणं हेच त्याचं काम आहे. आपण मात्र दुकानात जाऊन "जास्त दिवस टिकणारा द्या" म्हणतो, आणि तिथंच घोळ सुरू होतो.

आधी दाणा

आपल्याकडं कुरुंदाचा दगड फार पूर्वीपासून माहीत आहे. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दच मुळी इथून गेलाय, तमिळमध्ये कुरुंदम, संस्कृतमध्ये कुरुविंद. शिकलगार लोक तलवारीला धार लावायची जी सान वापरायचे ती कुरुंदाची पूड आणि लाख गरम करून एकत्र थापून बनवलेली असायची. म्हणजे दाणा आणि बाँड हे गणित जुनंच आहे, कारखान्यात त्याचं शास्त्र झालं एवढंच. एमरी म्हणजे पण कुरुंदच, फक्त मॅग्नेटाइट वगैरे लोखंडी खनिजं मिसळलेला, तुर्कस्तान आणि ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरचा एमरी पूर्वी सगळीकडं जायचा. नैसर्गिक मालाची अडचण अशी की प्रत्येक खाणीचा, प्रत्येक खेपेचा माल वेगळा, त्यामुळं आज इंडस्ट्रीत जे दाणे चालतात ते जवळजवळ सगळे भट्टीतले.

१८९१ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात एडवर्ड अॅचेसन नावाचा माणूस कृत्रिम हिरा बनवायच्या नादात माती आणि कोक विजेनं तापवत होता, हिरा काही झाला नाही पण चमकदार, काचेवर ओरखडा काढणारे कण मिळाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं काहीतरी मिश्रण आहे, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते होतं सिलिकॉन कार्बाइड, कोरंडमचा त्यात संबंधच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वीज स्वस्त मिळावी म्हणून त्यानं कारखाना नायगारा धबधब्याजवळ नेला. आजही तीच पद्धत आहे, मधे ग्रॅफाइटचा गाभा, भोवती सिलिका वाळू आणि पेट्रोलियम कोकचा ढीग, आणि २००० अंशाच्या वर तापमान जाईल एवढा करंट सोडायचा.

दुसरा मोठा दाणा म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा अॅल्युमिना, म्हणजे भट्टीतला कुरुंद. बॉक्साइट, कोक आणि लोखंडाचा कीस आर्क भट्टीत वितळवतात, बॉक्साइटमधली बरीचशी अशुद्धी फेरोसिलिकॉन होऊन खाली बसते आणि वर राहतो तो ब्राऊन दाणा. आपल्या कोल्हापूरकडं राधानगरी, शाहूवाडी भागात बॉक्साइटच्या खाणी आहेत, तीच लाल दगडमाती. ब्राऊनमध्ये साधारण ९५-९६ टक्के अॅल्युमिना आणि उरलेल्यात मुख्य टायटॅनियम ऑक्साइड, त्यामुळं हा दाणा चिवट असतो, लवकर फुटत नाही. दगडावर याची खूण "ए". पांढरा दाणा, "डब्ल्यूए", हा शुद्ध केलेल्या अॅल्युमिनापासून, ९९ टक्क्यांच्या वर, टायटॅनियम नाही त्यामुळं ठिसूळ, पटापट फुटून नवी धार देतो आणि जॉब गार ठेवतो. गुलाबीमध्ये थोडंसं क्रोमियम ऑक्साइड घातलेलं असतं, पांढऱ्यापेक्षा जरा चिवट.

सिलिकॉन कार्बाइडचे पण दोन. काळा "सी" आणि हिरवा "जीसी", हिरवा जास्त शुद्ध आणि जास्त ठिसूळ. अॅल्युमिना नूप हार्डनेसवर (कडकपणा मोजायचं एक माप) साधारण २१००, सिलिकॉन कार्बाइड २५०० च्या आसपास. मग प्रश्न येतो की सिलिकॉन कार्बाइड जास्त कडक आहे तर स्टीलला पण तोच का नाही लावायचा? कारण ग्राइंडिंगच्या उष्णतेत सिलिकॉन कार्बाइडमधला कार्बन लोखंडात विरघळायला बघतो, दाण्याची धार रासायनिक पद्धतीनंच खाल्ली जाते. हिऱ्याचं पण स्टीलवर हेच होतं. म्हणून स्टीलला अॅल्युमिना, आणि कास्ट आयर्न, पितळ, अॅल्युमिनियम, दगड, कार्बाइड टिप (टूलच्या टोकाचा टंगस्टन कार्बाइडचा तुकडा) यांना सिलिकॉन कार्बाइड. एवढं एक वाक्य जरी डोक्यात राहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

बाकीचे पटकन सांगतो. झिर्कोनिया अॅल्युमिना, "झेडए", फाउंड्रीत कास्टिंगचे गेट-रायझर (धातू ओतताना राहिलेले जास्तीचे फाटे) उडवायला, प्रचंड दाब सहन करतो, आणि दाब दिला नाही तर नीट कापतही नाही. सिरॅमिक दाणा १९८० च्या दशकात थ्रीएम कंपनीनं बाजारात आणला, हा वितळवून बनवत नाहीत, जेल करून भाजतात, एका दाण्यात मायक्रॉनपेक्षा बारीक असंख्य क्रिस्टल असतात आणि तो बारीक बारीक टवके काढत झिजतो, महाग म्हणून साध्या दाण्यात मिसळून देतात. सीबीएन, क्युबिक बोरॉन नायट्राइड, १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फनं बनवला, नूप ४७०० च्या आसपास, हिऱ्याच्या खालोखाल, आणि लोखंडाशी भांडत नाही, म्हणून एचएसएस (हाय स्पीड स्टील, ड्रिल-टूलचं) आणि हार्ड स्टीलला उत्तम. कृत्रिम हिरा त्याच कंपनीत १९५४ मध्ये झाला, तो कार्बाइड, काच, सिरॅमिकसाठी. या दोन महागड्या दाण्यांच्या व्हीलवर "१००" वगैरे कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे दाण्याचं प्रमाण, लिहिलेलं असतं, १०० म्हणजे दर घन सेंटीमीटरला ४.४ कॅरेट माल.

आणि हो, रंगावरून दगड घेऊ नका. बाँडमध्ये रंग टाकून निळा, लाल, हवा तो दगड बनवता येतो. आमच्याकडं एकजण वर्षभर "गुलाबी द्या" म्हणून व्हील आणत होता आणि दर वेळी ग्रेड वेगळी.

मग बाँड, म्हणजे दाणे धरून ठेवणारा

माझ्या मते दगडाची खरी गंमत इथं आहे, दाण्यावर सगळे बोलतात आणि बाँडकडं कुणी बघत नाही.

सगळ्यात जास्त दिसतो तो व्हिट्रिफाइड, खूण "व्ही". ही सरळ कुंभाराची विद्या. दाण्यात चिनी माती, फेल्डस्पार, काचेची फ्रिट मिसळायची, कच्चं असताना धरून राहावं म्हणून डेक्स्ट्रिनसारखा चिकट पदार्थ घालायचा, साच्यात दाबायचं, वाळवायचं आणि साधारण १२५० अंशाला भाजायचं. तापवणं आणि थंड करणं फार सावकाश, मोठ्या व्हीलला कित्येक दिवस जातात, घाई केली की तडा. भट्टीत माती वितळून दाण्यादाण्यामध्ये काचेचे पूल तयार होतात. जास्त भोकं हवी असतील तर मिश्रणात नॅफ्थलीन घालतात, हो, कपाटात टाकतो त्या डांबराच्या गोळ्यांमधलंच, ते उडून जातं आणि मागं पोकळी राहते. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा पण वापरतात, तो जळून जातो. हा बाँड उष्णतेला, तेलाला, पाण्याला दाद देत नाही पण शेवटी काचच ती, धक्का लागला की गेली.

आपल्याकडं ग्राइंडिंग व्हील बनवायची सुरुवात १९४१ मध्ये उरणजवळच्या मोऱ्याला झाली, ग्राइंडवेल कंपनीत. मग १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल. आज तुमच्या शेडमधला दगड या दोघांपैकी एकाचा असायची शक्यता बरीच आहे.

दुसरा रेझिनॉइड, "बी", आणि आत फायबरग्लासची जाळी असेल तर "बीएफ". हा फिनॉलिक रेझिन, जुन्या काळ्या इलेक्ट्रिक स्विचचं जे बेकेलाइट असायचं त्याच घराण्यातलं. आधी दाण्याला पातळ रेझिननं ओलं करतात, मग त्यावर पावडर रेझिन आणि फिलर टाकतात, मिश्रण हातात घेतलं तर भिजल्या वाळूसारखं लागतं. दाबून मग ओव्हनमध्ये १८० अंशाच्या आसपास बरेच तास. फिलर म्हणजे नुसती भरती समजू नका, क्रायोलाइट, पायराइट असले पदार्थ असतात आणि ते कापताना तापून दाणा आणि धातूच्या मधे काम करतात, धातू चिकटू देत नाहीत. अँगल ग्राइंडरच्या डिस्क, चॉपसॉचं कटिंग व्हील, फेटलिंगचे (कास्टिंग घासून साफ करायचे) दगड सगळे या बाँडचे, कारण हा जरा लवचिक, धक्का खातो. पण याला वय असतं. ओलावा आणि अल्कलाइन कूलंट याला आतून पोखरतं. डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर बघा, महिना-वर्ष छापलेलं असतं, ती एक्सपायरी आहे, साधारण बनवल्यापासून ३ वर्षं. औषधाची तारीख बघतो तशी बघा.

रबर बाँड, "आर", सेंटरलेस ग्राइंडरच्या (जॉब दोन व्हीलच्या मधे ठेवून गोल घासायची मशीन) रेग्युलेटिंग व्हीलला, कारण तिथं कापण्यापेक्षा जॉबला पकडून फिरवायचं असतं. लाखेचा बाँड, "ई", आता कमी झालाय पण रोल किंवा कॅमशाफ्टला आरशासारखं फिनिश हवं तिथं अजून चालतो, लाख गरम झाली की जरा मऊ पडते आणि दाणा जॉबवर घासला जातो, खोल घुसत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची लाख, शिकलगाराच्या सानेतली तीच.

आणि एक बाँड असा आहे की जो तुम्ही रोज बघता. पिठाच्या गिरणीतला दगड. एमरीची खडी, भाजलेल्या मॅग्नेसाइटची पावडर आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी कालवून साच्यात ओततात, भट्टी लागत नाही, सिमेंटसारखं आपोआप घट्ट होतं. म्हणून आपल्या गावाकडं छोट्या शेडमध्ये पण हे दगड बनतात. याची कमजोरी पाणी. गिरणीचा दगड पाणी मारून धुतला की बाँड ढिला पडतो आणि मग खडी पिठात, चपाती खाताना दाताखाली कचकच लागते ती.

दगडावरचं लिहिलेलं वाचायचं कसं

समजा लेबलवर लिहिलंय "डब्ल्यूए ४६ के ८ व्ही". डब्ल्यूए म्हणजे पांढरा अॅल्युमिना दाणा. ४६ म्हणजे दाण्याचा आकार, चाळणीला एका इंचात किती भोकं त्यावरून आलेला आकडा, त्यामुळं आकडा मोठा तर दाणा बारीक. २४ चा दाणा साधारण पाऊण मिलिमीटर, ४६ चा ०.३५, ६० चा पाव मिलिमीटर. के म्हणजे ग्रेड, ए पासून झेड पर्यंत, ए एकदम मऊ, झेड एकदम कडक. इथं मऊ-कडक हे दाण्याचं नाही, बाँड दाण्याला किती घट्ट धरून ठेवतो त्याचं आहे, हे परत परत सांगतो कारण परत परत चुकतं. ८ म्हणजे स्ट्रक्चर, दाणे किती लांब लांब बसलेत, आकडा मोठा तितका दगड मोकळा, आत जागा जास्त. शेवटचा व्ही म्हणजे बाँड. याच्या मागं-पुढं कंपनीचे स्वतःचे आकडे असतात, ते त्यांच्या कॅटलॉगमध्येच कळतात.

आता पहिल्या पंचाकडं परत येऊ. हार्ड जॉबवर दाणा लवकर बोथट होतो. बाँड कडक असेल तर तो बोथट दाणा सोडतच नाही, मग दगड कापायचं सोडून नुसता घासतो, सगळी ताकद उष्णतेत जाते, जॉबचा वरचा थर इतका तापतो की त्याचं टेंपरिंग बिघडतं किंवा परत हार्ड होऊन तडकतो. मऊ बाँड असता तर बोथट दाणे गळाले असते. आणि एमएससारख्या (माइल्ड स्टील) मऊ जॉबवर दाणा लवकर बोथट होतच नाही, तिथं मऊ दगड लावला तर चांगले दाणे फुकट गळतात, म्हणून तिथं कडक.

आपल्या कामाला कुठला

माझ्याकडं जी कामं येतात त्यावरून सांगतो, तुमच्या मशीनवर एखादी ग्रेड इकडंतिकडं होईल.

हार्ड केलेलं डी-टू, एचएसएस सरफेस ग्राइंडरवर असेल तर डब्ल्यूए ४६, ग्रेड एच ते जे, स्ट्रक्चर ८ किंवा त्याहून मोकळं, व्ही. बारीक फिनिश हवं म्हणून लगेच ८० चा दाणा लावायची खोड असते आपल्याला, गरज नाही, ४६ चाच दगड हळू ड्रेस केला (म्हणजे त्याला टाकी लावली, पुढं येतं) तर फिनिश सुधारतं आणि जॉब पण जळत नाही. हे काम कायमचं असेल आणि पैसे घालायची तयारी असेल तर सीबीएन, एकदा घेतला की दिवसभर साइज हलत नाही.

हार्ड न केलेलं साधं स्टील सिलिंड्रिकल ग्राइंडरवर (गोल जॉब घासायची मशीन) असेल तर ए किंवा ए-डब्ल्यूए मिक्स ६०, के ते एम. संपर्काची लांबी जितकी जास्त तितका दगड मऊ आणि मोकळा घ्यायचा, म्हणजे बोअर ग्राइंडिंगला (भोक आतून घासायला) किंवा कप व्हीलनं सपाट करताना बाहेरून गोल घासण्यापेक्षा मऊ.

पेडेस्टलवर (स्टँडवरचा दोन बाजूंना दगड असलेला ग्राइंडर) एचएसएस टूल, ड्रिल लावायला एका बाजूला ए ३६ आणि दुसऱ्या बाजूला ६०, एम-एन च्या आसपास. कार्बाइड टिपला वेगळा हिरवा दगड, जीसी ६० किंवा ८०, ग्रेड जे-के. ब्राऊन दगडावर कार्बाइड टिप घासणारे मी रोज बघतो, टिप झिजत नाही, दगडच खड्डे पडून जातो. आणि तापलेली टिप पाण्याच्या डब्यात बुडवू नका, तडा जातो. परवडत असेल तर हिऱ्याचं कप व्हील घ्या, रेझिन बाँडचं.

फाउंड्रीत फेटलिंगला पुस्तकात कास्ट आयर्न म्हटलं की "सी" लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे, पण गेट तोडायला माणूस अंगाचा भार टाकून दाबतो तिथं सिलिकॉन कार्बाइडचा ठिसूळ दाणा टिकत नाही, म्हणून ए, झेडए किंवा ए आणि सी चं मिश्रण, दाणा १४ ते २४, ग्रेड पी-क्यू-आर, बाँड रेझिन. एसजी आयर्न (कास्ट आयर्नचाच एक प्रकार) असेल तर स्टीलसारखाच चिवट समजून ए किंवा झेडए.

अॅल्युमिनियम साध्या पेडेस्टलच्या दगडावर लावूच नका. मऊ धातू भोकांमध्ये भरून बसतो, दगड गुळगुळीत होतो, तापतो आणि फुटू शकतो. शिवाय अॅल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाच्या ठिणग्या एकाच कलेक्टरमध्ये जमल्या तर आग लागते, आणि ती पाणी मारून विझणारी आग नाही. अॅल्युमिनियमला वेगळा सी चा मोकळा दगड नाहीतर फ्लॅप डिस्क.

स्पीडचा हिशोब

दगडावर दोन आकडे असतात, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि मीटर प्रति सेकंद (कडेचा वेग). हिशोब सोपा आहे: ३.१४ गुणिले व्यास मीटरमध्ये गुणिले आरपीएम, भागिले ६०. २०० मिलिमीटरचा दगड २८५० आरपीएमवर म्हणजे जवळपास ३० मीटर प्रति सेकंद. साध्या व्हिट्रिफाइड दगडाची मर्यादा ३३ ते ३५, म्हणजे ठीक. आता त्याच मोटरवर कुणी गार्ड काढून ३०० चा दगड बसवला तर होतात ४५. फुटणारी ताकद स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे स्पीड दीडपट तर ताण सव्वादोनपट. म्हणूनच १२ इंची पेडेस्टलला बहुतेक १४४० ची मोटर असते. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून स्पीड वाढवणाऱ्यांनी पण हा हिशोब आधी करायचा.

रेझिन जाळीच्या डिस्क ८० मीटर प्रति सेकंदाच्या असतात. म्हणून ४ इंची डिस्कवर १५,००० च्या वर आरपीएम दिसतो, ५ इंचीवर १२,२०० आणि ७ इंचीवर ८,५०० च्या आसपास. गार्ड काढून ४ इंची मशीनवर ५ इंची डिस्क लावणं हा आपल्याकडचा सार्वजनिक गुन्हा आहे, तिथं स्पीडचा आकडा कदाचित बसेल पण तुकडा उडाला तर तोंडासमोर काहीच नाही.

याच हिशोबातून एक कामाची गोष्ट निघते. दगड झिजून ३०० चा २०० झाला की त्याच आरपीएमवर त्याचा पृष्ठभागाचा वेग कमी होतो, आणि तो पहिल्यापेक्षा मऊ असल्यासारखा वागायला लागतो. "दगड शेवटी शेवटी लवकर संपतो" म्हणतात ते याच्यामुळं.

बसवताना

आधी डोळ्यानं बघा, टवका, ओल, तेलाचा डाग. मग आवाज घ्या. दगड कोरडा आणि साफ असला पाहिजे, भोकात बोट किंवा पिन घालून टांगायचा, जड असेल तर साफ फरशीवर उभा करायचा, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीनं हळूच टिचकी मारायची. मध्यावरच्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूला ४५ अंशावर, कडेपासून एक-दोन इंच आत. फिरवून परत. व्हिट्रिफाइड दगड छान टणटण वाजतो, माठ घेताना वाजवून बघतो ना, तसंच. भदभद आवाज आला की दगड बाजूला, आणि "मऊ कामाला चालेल" म्हणून ठेवायचा नाही, तोडून टाकायचा. रेझिनचा आवाज मुळातच बोदा असतो, त्यात फसू नका. ४ इंचाच्या खालच्या लहान दगडांना ही चाचणी लागू पडत नाही.

दगड स्पिंडलवर हलक्या हातानं गेला पाहिजे. ठोकून, कानशीनं भोक मोठं करून अजिबात नाही. दोन्ही फ्लँज (दगडाला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चकत्या) एकाच व्यासाच्या, दगडाच्या निदान एक तृतीयांश, आणि मधे कागदाची वॉशर पाहिजेच. तो लेबलचा कागद शोभेचा नसतो, फ्लँजचा दाब सगळीकडं सारखा पसरवायला असतो, काढून टाकला तर दाब एका उंचवट्यावर येतो आणि दगड तिथून चिरतो. नट घसरू नये इतकाच आवळायचा, पान्याला पाइप लावून नाही. पेडेस्टलच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, हे विसरून आटे खाल्लेली मशीन कुठल्याही शेडमध्ये सापडेल.

टूल रेस्ट दगडापासून ३ मिलिमीटरच्या आत, गार्डची वरची जीभ (पट्टी) ६ च्या आत, दगड झिजत जाईल तसं मशीन बंद करून जवळ घ्यायचं. गॅप जास्त राहिला की जॉब आत खेचला जातो, सोबत बोट पण. मग गार्ड लावून, बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामा फिरवा. सरळ दगडाच्या बाजूवर घासायचं नाही, त्यासाठी कप आणि डिश व्हील असतात.

टाकी लावणे

जातं गुळगुळीत झालं की पाथरवट येऊन टाकी लावून जायचा, ड्रेसिंग म्हणजे तेच. पेडेस्टलला चांदणीच्या चाकांचा ड्रेसर, सरफेस आणि सिलिंड्रिकलला सिंगल पॉइंट डायमंड. डायमंड दगडाच्या फिरण्याच्या दिशेनं १० ते १५ अंश कलता ठेवायचा म्हणजे तो खुपसला न जाता ओढला जातो, आणि मधूनमधून होल्डरमध्ये फिरवायचा नाहीतर सपाट पडतो आणि मग दगडाला धार यायच्या ऐवजी पॉलिश होतं. एका पासला ०.०१ ते ०.०३ मिलिमीटर पुरे, भरपूर कूलंट सोडून. कोरडं करत असाल तर पूर्ण कोरडं करा, मधेच गरम हिऱ्यावर पाणी पडलं की हिरा तडकतो. ट्रॅव्हर्स (हिरा दगडावरून आडवा नेणं) जोरात मारला तर दगड खरबरीत उघडतो आणि जोरात कापतो, सावकाश मारला तर बंद होतो आणि फिनिश देतो. एकाच दगडातून दोन दगड काढायची ही युक्ती आहे.

दगड काय सांगतोय

दगड चकाकतोय आणि जॉब तापतोय तर तो ग्लेझ झालाय, बाँड कडक आहे, पुढच्या वेळी एक ग्रेड मऊ आणा, तोपर्यंत जाड ड्रेस करा किंवा जॉबचा वेग वाढवा. भोकांत धातू भरलेला दिसतोय तर लोडिंग, जास्त मोकळं स्ट्रक्चर किंवा जाड दाणा. दगड झरझर संपतोय, कोपरा राहत नाही, तर तो मऊ आहे, कडक घ्या. जॉबवर सारख्या अंतरावर लाटा उमटतात तर आधी बॅलन्सिंग आणि स्पिंडल बेअरिंग बघा, दगडाला शिव्या नंतर. आणि सोमवारी सकाळी पहिल्याच जॉबवर लाटा येत असतील तर शनिवारी कुणीतरी मशीन बंद करून कूलंट चालू ठेवला असणार, दगड उभ्या उभ्या खालच्या बाजूनं पाणी पितो आणि एका बाजूला जड होतो. कूलंट आधी बंद, दगड दोन-चार मिनिटं तसाच फिरू द्यायचा, मग मशीन बंद.

धुळीचं शेवटी सांगतो म्हणून हलकं घेऊ नका. पूर्वी इंग्लंडात शेफिल्डला चाकू-सुऱ्यांना धार लावणारे नैसर्गिक वाळूच्या दगडावर काम करायचे आणि सिलिका फुप्फुसात जाऊन तरुणपणीच जायचे, तिथं त्या आजाराला ग्राइंडरचाच आजार म्हणायचे. आजच्या भट्टीतल्या दाण्यात मोकळी सिलिका फारशी नसते, पण धूळ फक्त दगडाची नसते, जॉबची पण असते. कास्टिंगला चिकटलेली मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिकाच, आणि कार्बाइड टिपच्या धुळीत कोबाल्ट असतं जे फुप्फुस कायमचं खराब करतं. रुमाल बांधून काही होत नाही, रेस्पिरेटर मास्क आणि दगडामागं सक्शन. चष्मा तर आहेच.

ठेवताना व्हिट्रिफाइड दगड उभे रॅकमध्ये, पातळ कटिंग व्हील मात्र सपाट धातूच्या पत्र्यावर आडवी, नाहीतर वाकतात. आणि पावसाळ्यात रेझिनच्या डिस्क खिडकीजवळच्या खणात ठेवू नका. आमच्याकडं ठेवल्या होत्या, ऑगस्टपर्यंत चॉपसॉवर एका पाइपला दोन-दोन लागायला लागल्या, आणि आम्ही सप्लायरवर चिडत बसलो.